वैदर्भी रीती आणि झाडीचे शहर

भंडारा हे झाडीचे शहर आहे काय, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ भूगोलाचा वाटतो. वैनगंगेच्या काठी वसलेले, धानाच्या बांध्यांनी वेढलेले, जिल्ह्याचे ठिकाण असलेले हे गाव झाडीपट्टीत नसेल तर कोठे असेल, असे कोणीही विचारील. परंतु झाडीत असणे आणि झाडीचे असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. नागपूरहून पूर्वेकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे साठ किलोमीटरवर उतरणाऱ्या परक्या माणसाला प्रथम दिसतात ती जिल्हा कचेरी, न्यायालय, शिकवणी वर्गांच्या पाट्या आणि मोबाइलची दुकाने. म्हणजे महाराष्ट्रातील कोणत्याही जिल्ह्याच्या गावी दिसावे ते सर्व. त्याला झाडी भेटेल ती साकोलीच्या पुढे किंवा लाखांदूरच्या वाटेवर, असेच त्याला सांगितले जाते. आणि हे सांगणारा बहुधा भंडाऱ्याचाच रहिवासी असतो. प्रदेशाचे मुख्य शहर स्वतःला प्रदेशातून वजा करून घेते आणि प्रदेशाचा पत्ता विचारणाऱ्याला पुढच्या गावाकडे बोट दाखवते. या वर्तनाचा अर्थ कसा लावावा? मराठी समीक्षेत 'प्रादेशिक' ही संज्ञा आपण ज्या सहजतेने वापरतो ती सहजता या प्रश्नापाशी अडखळते, म्हणून त्याचा येथे विचार करावयाचा आहे.

असा प्रश्न अन्यत्रही पडलेला आहे. अमेरिकेतील दक्षिणेच्या राज्यांविषयी बोलताना एखादे शहर 'दाक्षिणात्य' केव्हा ठरते, यावर तेथे पुष्कळ खल झालेला आहे. मायामी नकाशावर दक्षिणेच्या टोकाला आहे, पण सांस्कृतिक अर्थाने त्याला दाक्षिणात्य म्हणायला फारसे कोणी धजत नाही. उलट त्याच फ्लॉरिडा राज्यात जसजसे उत्तरेस जावे तसतशी दक्षिण लागते, असे गमतीने म्हटले जाते. रिचमंड ही यादवी युद्धातील बंडखोर राज्यसंघाची राजधानी. तिचे दाक्षिणात्यपण इतिहासानेच नोंदवून ठेवलेले. ओहायो नदीवरचे लुइव्हिल मात्र कायम उंबरठ्यावर. उच्चार, खाद्यपदार्थ, चर्च, झाडे अशा खुणांच्या याद्या केल्या जातात आणि प्रत्येक यादीला अपवाद निघतो. जॉन शेल्टन रीड या समाजशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये एक वेगळीच वाट काढली. त्याने निरनिराळ्या शहरांच्या दूरध्वनी-पुस्तिका घेतल्या आणि व्यवसायांच्या नावांत 'सदर्न' व 'डिक्सी' हे शब्द किती वेळा येतात ते मोजले. दक्षिण कोठे आहे हे भूगोलतज्ज्ञाला न विचारता, स्वतःला दक्षिणेचे म्हणवून घेण्यात कोणाला कोठे लाभ वाटतो, हे त्याने पाहिले. प्रदेश ही वस्तू नसून स्वीकारलेले नाव आहे, हे या युक्तीमागचे गृहीतक. ते मला महत्त्वाचे वाटते.

हीच युक्ती भंडाऱ्यात वापरली तर? मी काही मोजदाद केलेली नाही. पण या शहरातील पाट्या आयुष्यभर वाचत आलेल्या माणसाची साक्ष म्हणून सांगतो, की 'वैनगंगा' हे नाव येथे संस्थांना हौसेने दिले जाते, 'विदर्भ'ही चालते. 'झाडी' मात्र दुकानाच्या पाटीवर चढत नाही. ती चढते साहित्य संमेलनाच्या फलकावर आणि नाटकाच्या जाहिरातीवर. नदी मिरवता येते, झाडी मिरवता येत नाही. 'झाडीतला' या विशेषणात आडरानाचा, अडाणीपणाचा वास अजून शिल्लक आहे. वास्तविक हा शब्द काही आजचा नव्हे. महानुभावांच्या वाङ्मयात झाडीचा निर्देश येतो. चक्रधरांचे अनुयायी नीळभट्ट भांडारेकर यांचे नावच या गावाशी बांधलेले आहे. म्हणजे मराठी गद्याच्या पहिल्या पानांपासून हा प्रदेश मराठीच्या आत आहे. तरीही तो मराठीच्या काठावर मानला जातो. यात दुसऱ्या दिशेचाही भाग असावा. रतनपूरच्या कलचुरी राजा जाजल्लदेवाच्या १११४ च्या शिलालेखात 'भाणार' असा जो उल्लेख येतो तो भंडाऱ्याचा मानला जातो. छत्तीसगडच्या दरबाराच्या नजरेतही हे गाव काठावरचेच होते. दोन्हीकडून काठ, असा हा मध्य.

आता या प्रश्नाची एक जुनी आवृत्ती पाहू. ती आपल्याच काव्यशास्त्रात आहे, आणि योगायोग असा की तिच्या केंद्रस्थानी विदर्भच आहे. दंडीने 'काव्यादर्शा'त वैदर्भ आणि गौड असे दोन मार्ग सांगितले. वामनाने रीतीला काव्याचा आत्मा म्हटले व वैदर्भी, गौडी, पांचाली अशा तीन रीती मानल्या. त्यांत वैदर्भी ही सर्व गुणांनी युक्त. तथापि वामनाला पेच जाणवलेला होता. एखाद्या प्रदेशातील द्रव्यात त्या मातीचा गुण उतरावा तसा काव्यातही उतरतो काय, अशी शंका तो स्वतःच उपस्थित करतो आणि तिचे उत्तर नकारार्थी देतो. त्या त्या प्रदेशातील कवींत ती रीती आढळली म्हणून तिला ते नाव पडले. देश काव्यावर काही उपकार करीत नाही, असा त्याचा आशय आहे. भामहाने तर हा भेदच गतानुगतिकांचा म्हणून उडवून लावला होता. पुढे कुंतकाने 'वक्रोक्तिजीविता'त या विचाराला निर्णायक वळण दिले. देशावरून रीती मानायच्या तर देश अनंत, मग रीतीही अनंत होतील. मामाच्या मुलीशी विवाह करण्यासारखा देशाचार वृद्धांच्या परंपरेने चालत येऊ शकतो; काव्यरचना तशी चालत येत नाही, तिला शक्ती, व्युत्पत्ती आणि अभ्यास लागतात. म्हणून मार्गांचा आधार देश नव्हे, कविस्वभाव.

कुंतकाच्या बाजूने एक साक्षीदार भंडाऱ्याच्या जुन्या जिल्ह्यातूनच काढता येतो. भवभूती हा विदर्भातील पद्मपूरचा. हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर, असे म. म. वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले; १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत ते भंडारा जिल्ह्यात होते, आणि आमगावच्या महाविद्यालयाला आज भवभूतीचेच नाव आहे. हा अस्सल वैदर्भ कवी. पण 'मालतीमाधवा'तील त्याची लांबलचक समासांनी गजबजलेली रचना परंपरेने गौडीचा नमुना म्हणून दाखवली जाते. ज्याच्या गावावरून रीतीला नाव मिळावे तो कवी शेजारणीच्या रीतीने लिहितो! उलट, वैदर्भीचा आदर्श म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो कालिदास. 'मेघदूता'चा रामगिरी म्हणजे रामटेक हे मिराशींचे मत मान्य केले तरी तो येथे पाहुणाच.

परंतु कुंतकाचा विजय इतक्या सहजासहजी मान्य करता येणार नाही. एका गोष्टीचे स्पष्टीकरण त्याच्याकडे नाही. 'वैदर्भी' हे नाव एके काळी भारतभर प्रमाणाचे, निर्दोषत्वाचे नाव होते. आज 'वैदर्भीय' हे विशेषण लागले की कृती 'प्रादेशिक' होते. नाव तेच, दर्जा उलटा. हा पालट कविस्वभावाने झालेला नाही. तो घडला आहे सत्तेच्या, छापखान्याच्या, पाठ्यपुस्तकाच्या आणि विद्यापीठाच्या स्थलांतराने. पुण्यामुंबईच्या कादंबरीला आपण प्रादेशिक म्हणत नाही, ती केवळ कादंबरी असते. ज्याला प्रदेश नाही तो प्रमाण, आणि ज्याला प्रदेश आहे तो अपवाद, अशी ही वाटणी आहे. १९८३ मध्ये भालचंद्र नेमाडे यांनी देशीयतेची मांडणी केली, तेव्हा या वाटणीला मोठा धक्का बसेल असे आमच्यासारख्यांना वाटले होते. धक्का बसलाही, पण देशीयतेच्या चर्चेत 'देश' म्हणजे खेडे हे समीकरण न बोलता मुक्कामाला आले. शहराला देशी असण्याची सोय त्यात फारशी राहिली नाही. म्हणूनच भंडाऱ्याने साकोलीकडे बोट दाखवण्यात नवल नाही.

विदर्भाच्या आतही एक उतरंड आहे. बाहेरच्या वाचकाला विदर्भ म्हणजे वऱ्हाड: काळी जमीन, कापूस, ज्वारीची भाकर. उद्धव शेळके यांच्या 'धग'ने १९६० मध्ये वऱ्हाडी बोलीला कादंबरीत जी प्रतिष्ठा मिळवून दिली तिच्याविषयी कृतज्ञताच व्यक्त केली पाहिजे. परंतु तिच्या प्रकाशात पूर्वेकडचा धानाचा विदर्भ अधिक अंधारात गेला. ग्रीअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ च्या मराठी खंडात या बाजूची बोली 'नागपुरी'च्या पोटात गेलेली होती. तिला स्वतंत्र नाव व व्याकरण आहे, हे चिकाटीने मांडले ते साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी, आणि १९९०च्या दशकापासून झाडीबोली साहित्य संमेलनांनी त्या मांडणीला लोकाश्रय मिळवून दिला. या बोलीत ण नाही, ळ नाही, श आणि ष नाहीत. 'पाणी'चे पानी होते, 'डोळा'चा डोरा होतो. माझ्या शाळेत हा ळ शिकवण्यासाठी जेवढे कष्ट घेतले गेले तेवढे गणितासाठी घेतले गेले नसावेत. तो ळ मला साधला. घरी गेल्यावर तो विसरायचा आणि सकाळी पुन्हा आठवायचा, अशी ती शिस्त होती. आणि आज लिहिताना लक्षात येते की ज्या भाषेत मी समीक्षा लिहितो त्या भाषेत माझी आई केवळ विनोदी पात्र म्हणूनच येऊ शकली असती.

विनोदी पात्राचा हा उल्लेख ओघात आलेला नाही. झाडीपट्टीच्या रंगभूमीचे कौतुक आता सर्वत्र होते. डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्यापासून तर ते अधिकच. कौतुक रास्तही आहे: वडसा, म्हणजे देसाईगंज, या गावी नाट्यमंडळ्यांची कार्यालये असावीत, धान निघाल्यावर दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी प्रयोग व्हावेत, रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालावे आणि तिकीट काढून हजारो माणसांनी ते पाहावे, ही घटना मराठी रंगभूमीच्या इतर भागांना हेवा वाटावा अशीच आहे. पण या नाटकांची भाषा ऐकावी. नायक प्रमाण मराठीत बोलतो. नायिका, खलनायक, न्यायाधीश प्रमाण मराठीत बोलतात. झाडीबोली येते ती मुख्यतः विनोदी नटाच्या तोंडी. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोले, स्त्रिया आणि विदूषक प्राकृत. तीच व्यवस्था झाडीच्या मंडपात आजही शाबूत आहे. प्रेक्षक झाडीचे, नट झाडीचे, पैसा झाडीचा, आणि तरी झाडीची बोली विदूषकाची! बाहेरच्या दडपणाचे हे केवळ प्रतिबिंब आहे असे म्हणून भागत नाही. या प्रेक्षकाला प्रमाण भाषेतील करुण रस हवा असतो, त्याचे पैसे तो मोजतो. आणि तरीही टाळ्या, शिट्ट्या, फर्माईश हे सर्व विनोदी नटाच्या वाट्याला येते. मंडपातील सर्वांत जवळचा माणूस तोच असतो.

दंडार, खडी गंमत, डहाका या जुन्या प्रकारांत ही फाळणी इतकी धारदार नव्हती. ती आली कंपनी नाटकाबरोबर, म्हणजे शहराबरोबर. प्रमाण भाषा हीच येथे शहराची खूण आहे. शहर झाडीच्या बाहेर उभे नसून झाडीच्या मंडपातच, नायकाच्या वेशात, उभे आहे.

तेव्हा भंडारा झाडीचे आहे हे ओळखायचे कशावरून? पाट्यांवरून नाही, उच्चारावरून अर्धवट. मला वाटते, दिनदर्शिकेवरून. पुण्याला मंडई म्हणजे भाजीबाजार. भंडाऱ्याला मंडई म्हणजे भाऊबीजेपासून गावोगाव भरणारी जत्रा: दिवसा मिठाईची व खेळण्यांची दुकाने, पाहुण्यांची वर्दळ, सोयरिकीची बोलणी, रात्री दंडार किंवा नाटक. एकाच मराठी शब्दाचे हे दोन अर्थ दोन संस्कृतींची सीमा दाखवतात, आणि ही सीमा कोणत्याही पाककृतीपेक्षा अधिक विश्वसनीय आहे. मंडईच्या दिवसांत भंडाऱ्यातील नोकरदार आपापल्या गावी जातो. त्या आठवड्यात शहराचे बोलणे 'आमच्या गावची मंडई अमुक दिवशी' या वाक्याभोवती फिरते. शंकरपटाचेही तसेच, २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बैलांच्या शर्यती थांबल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना पुन्हा परवानगी मिळाली, त्या मधल्या वर्षांत पटाच्या रात्रीचे नाटक पोरके झाल्याची तक्रार शहरातल्या चहाच्या टपरीवर ऐकू येई. म्हणजे हे शहर झाडीचे असते ते मुख्यतः रिकामे होताना. रोवणीच्या पावसाची चौकशी ज्या सुरात कचेरीत केली जाते तो सूर शेती विकून टाकलेल्यांनाही सुटलेला नाही.

येथे अमेरिकेतील दक्षिणेकडे पुन्हा वळणे उपयुक्त ठरेल, कारण तिचा मराठी समीक्षेशी असलेला एक संबंध आपण सहसा ध्यानात घेत नाही. १९३० मध्ये 'आय'ल टेक माय स्टँड' हा निबंधसंग्रह बारा दाक्षिणात्यांनी प्रसिद्ध केला. उत्तरेच्या यंत्रसंस्कृतीविरुद्ध दक्षिणेच्या शेतीप्रधान जीवनाची ती कैफियत होती. त्यांत जॉन क्रो रॅन्सम, ॲलन टेट आणि रॉबर्ट पेन वॉरन होते. नंतर याच मंडळींनी नवसमीक्षेचा पाया घातला: कलाकृती स्वायत्त आहे, देश, काळ, चरित्र हे तिच्याबाहेरचे आहे! ही नवसमीक्षा आपण वर्गात शिकलो आणि शिकवली, पण तिचे जनक नॅशव्हिल नावाच्या शहरातील विद्यापीठात बसून गावाची कैफियत मांडणारे प्रदेशवादी होते, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. प्रदेशाची बाजू हरल्यावर त्यांनी प्रदेशच समीक्षेतून काढून टाकला, असे विधान करण्याचा मोह होतो. ते थोडे अन्यायाचे होईल, पण अगदीच खोटे ठरणार नाही. हरण्याचा मुद्दा सी. व्हॅन वुडवर्ड या इतिहासकाराने १९६० मध्ये अधिक सखोलपणे मांडला. अमेरिकेच्या यशाच्या कथेत दक्षिणेकडेच पराभवाचा, दारिद्र्याचा आणि अपराधाचा अनुभव आहे, आणि तोच तिला जगाच्या इतर भागांशी जोडतो.

झाडीकडे असा नाट्यमय पराभव नाही. तिच्याकडे आहे ते खात्यांच्या दप्तरातले विस्मरण. कोहळी समाजाने पिढ्यान्पिढ्या खपून बांधलेले तलाव मालगुजारांच्या ताब्यात होते. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. कागदोपत्री ते 'माजी मालगुजारी तलाव' झाले, आणि त्याचे संक्षिप्त रूप 'मामा तलाव'. (हा मामा कोणाचा, असे नव्या पिढीतले मूल विचारते, उत्तर देणारा माणूसही थोडा घोटाळतो.) जिल्ह्याचे जीवन ज्यावर उभे आहे त्या वस्तूचे नाव 'माजी'ने सुरू व्हावे, याहून नेमके रूपक कवीला सुचले नसते. पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली, आणि त्याच्या पाण्याखाली गावे गेली. या गावांची मंडई कोठे भरते, हा प्रश्न पुनर्वसनाच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही.

मात्र दक्षिणेच्या उदाहरणातील सर्वांत अवघड धडा वेगळाच आहे. त्या बारा लेखकांची 'दक्षिण' गोऱ्यांची होती. जे शेतात राबत होते, ज्यांच्या गाण्याने, जेवणाने, बोलण्याने दक्षिणेला दक्षिणपण दिले, ते कृष्णवर्णीय त्या 'आम्ही'त नव्हते. झोरा नील हर्स्टन, अर्नेस्ट गेन्स, ॲलिस वॉकर यांनी ती संज्ञा नंतर आपल्याकडे ओढून घेतली, तेव्हा तिचा अर्थच बदलला. झाडीपणाच्या आजच्या मांडणीलाही हा प्रश्न विचारला पाहिजे. तुमसरच्या एखाद्या घरात पोवारी बोलली जाते, बाजारात हिंदी, शाळेत मराठी. हे घर झाडीचे की नाही? गोंडी बोलणारे या झाडांत सर्वांत आधीपासून आहेत. झाडीबोलीच्या संमेलनात त्यांची भाषा पाहुणी असते. आणि १९५४ च्या पोटनिवडणुकीत ज्या भंडारा मतदारसंघाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पराभव पाहिला, त्याच मुलखातील असंख्य कुटुंबांनी १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर जातीच्या रहाटीशी बांधलेले जुने विधी जाणीवपूर्वक सोडले. आज कोणी त्यांना लोकपरंपरा जपण्याचा उपदेश केला, तर आधी ती परंपरा कोणाच्या कष्टावर उभी होती ते सांगावे लागेल. पवनीच्या १९६९-७० च्या उत्खननात जगन्नाथ टेकडी व चांडकापूर येथे स्तूपांचे अवशेष मिळाले. बुद्धाचे नाव झाडीला परके नाही, एवढे तरी त्या विटा दाखवतात. झाडीची यादी कोहळी तलाव आणि दंडार एवढ्यावर थांबवणे म्हणजे बारा जणांचा निबंधसंग्रह पुन्हा लिहिणे होय.

म्हणूनच मला कुंतकाला अर्धा आणि रीडला अर्धा कौल द्यावासा वाटतो. देश रचनेला गुण देत नाही हे कुंतकाचे म्हणणे खरे. पण देशाचे नाव कोणी, कोणाला, कोणत्या क्षणी लावले याने रचनेचे वाचन बदलते, हे त्याच्या काळी इतके स्पष्ट नव्हते. झाडीबोलीतील लेखकांपुढे सध्या दोन मोह आहेत. एक, बोलीचे शब्द शोभेच्या वस्तूंसारखे मांडून शहरी वाचकाचे कौतुक मिळवण्याचा. दुसरा, केवळ खेड्याविषयीच लिहिण्याचा, जणू बोली रोवणीच्या बाहेर जगूच शकत नाही. झाडीबोलीत लिहिलेली भंडारा शहराची कादंबरी, जिच्यात कारकून, वकील, शिकवणीवाला, पितळी भांड्यांचा बंद पडत आलेला कारखानदार हे सर्व त्या बोलीत विचार करतात, रडतात आणि खोटेही बोलतात, अशी कादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही. ती आली तर समीक्षेला तिच्यासाठी 'प्रादेशिक' हा शब्द वापरताना पंचाईत होईल.

गेल्या मोसमात एका गावच्या मंडईत रात्री दोनच्या सुमारास नाटक पाहत होतो. नायिकेचा बाप मेला होता. ती निर्दोष ळ आणि ण उच्चारून शोक करीत होती. मंडप शांत होता, बायका पदर लावून होत्या. तेवढ्यात विनोदी नट आत आला. प्रेताकडे पाहून त्याने नेहमीचा विनोद केला नाही. 'पानी पाजलं का गा याले?' एवढेच त्याने हळू विचारले. संहितेत ते वाक्य होते की नव्हते, कळायला मार्ग नाही. हसण्याच्या तयारीत असलेले लोक हसले नाहीत. माझ्या शेजारी भंडाऱ्याच्या एका कचेरीतले गृहस्थ बसले होते, एरवी आपण झाडीचे नव्हे असे आवर्जून सांगणारे. ते म्हणाले, 'आमच्या घरी असंच इचारत.' मग चष्मा पुसून त्यांनी वाक्य दुरुस्त केले: 'विचारत असत.'